गयते काय, भाऊ?

चांदूर रेल्वेत माणसाची विचारपूस करायची एक रीत आहे आणि बुलेटची दुसरी. माणसाला "काय म्हन्ता?" असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून जातात. बुलेटवाल्याला मात्र "गयते काय, भाऊ?" असं विचारतात आणि उत्तराआधी गाडीच्या डाव्या अंगाला उकिडवे बसतात. उत्तर ठरलेलं असतं, "गयते ना बाप्पा." मग दोघंही मिनिटभर गळणाऱ्या तेलाच्या थेंबाकडे पाहतात. थेंब झाकणाच्या खालच्या कडेला जमतो, फुगतो, जरा लोंबतो आणि पडतो. तो पडला की विचारणारा गुडघ्यावर हात टेकून उठतो, "हं, गयते," असा निर्वाळा देतो आणि कामाला लागतो. तो पडला नसता तर त्याला दिवसभर चैन पडलं नसतं.

मी म्हणतोय ती बुलेट जुनी. ओतीव लोखंडी इंजिन, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आजकालच्या पोरांना ही गाडी दिली तर पहिल्याच चौकात ब्रेक म्हणून गिअर दाबतात. आमच्याकडे अशा गाड्या अजून बऱ्याच आहेत. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात ज्या साली चुकारा बरा आणि वेळेवर मिळाला, त्या साली कुणी बहिणीचं लग्न केलं, कुणी विहीर खोदली आणि कुणी बुलेट घेतली. विहिरी आटल्या, जावई रिटायर झाले, बुलेट अजून गळते आहे.

आता गळतीची खोड या घराण्यात आली कुठून, हे पाहायला थोडं मागं जावं लागतं. इंग्लंडमध्ये रेडिच नावाचं गाव आहे. ते गाव सुयांसाठी प्रसिद्ध होतं. बुलेट बनवणाऱ्या रॉयल एनफिल्डचे मूळ पुरुष तिथे सुयाच बनवत असत. सुयांवरून ते सायकलींवर आले आणि 1901 साली मोटारसायकलवर. म्हणजे ज्या कारखान्यात भोक नसलेला माल खराब म्हणून परत पाठवला जायचा, त्याच कारखान्याने पुढे इंजिनं बनवली. संस्कार कुठे जातात? 1955 मध्ये मद्रासच्या लोकांनी त्यांच्याशी भागीदारी करून एनफिल्ड इंडिया काढली. पुढे साहेबाचा तिकडचा कारखाना बंद पडला, पण तिरुवोट्टियूरचा चालूच राहिला आणि 1977 पासून तर इथली बुलेट थेट इंग्लंडला जाऊ लागली. गळती आपण आयात केली, मन लावून शिकलो आणि सव्याज परत केली. दादाभाई नौरोजींनी हा हिशेब पाहिला असता तर त्यांना थोडं बरं वाटलं असतं.

डाव्या अंगाला जे मोठं चकचकीत झाकण दिसतं, त्याच्या आत क्लच राहतो. सोबत प्रायमरी चेन आणि अल्टरनेटर. ही सगळी मंडळी तेलात असतात. इतर कंपन्या असलं झाकण दहा-बारा स्क्रू देऊन कसतात. रेडिचच्या इंजिनिअरांनी कडेनं रबराची एक रिंग फिरवली आणि मधोमध एकच नट दिला. एक नट काढला की झाकण हातात! कल्पना झकास आहे. फक्त तिच्यात एक गोष्ट धरलेली नाही, ती म्हणजे आमचा स्वभाव. काही गळत असेल तर ते आवळायचं, हे आम्हाला जन्मतः कळतं. नळ गळो, टाकी गळो, बुलेट गळो. एक नट दिसला की पाना लागलाच. आणि हा नट प्रमाणाबाहेर आवळला की झाकण मध्ये दबतं, कडा उचलते आणि गळती दुप्पट होते. दुप्पट झाली म्हणून मालक पान्याला पाइप लावून आणखी आवळतो. कडेला सिलिकॉनचा लेप देतो. त्यावर पुन्हा एक लेप. मी एका गाडीचं झाकण पाहिलं, त्याच्या कडेला वेगवेगळ्या रंगांचे थर होते. जाणकार माणसाला त्यावरून मालकाचे आर्थिक चढउतार सांगता आले असते.

घरच्या लोकांचं या गळतीबद्दलचं मत वेगळं असतं. गाडी ओसरीत उभी राहते. खाली आधी पुठ्ठा असतो, मग पत्रा, मग जुनी ॲल्युमिनियमची ताटली. शहाबादी फरशीत मुरलेलं तेल कशानं निघत नाही, सोड्यानं नाही, रॉकेलनं नाही, बायकोच्या बोलण्यानं तर नाहीच. "शनवारी पोरीले पाह्याले पाव्हने येनार हायेत, गाडी मांगच्या आंगनात लावा," अशी आज्ञा होते. गाडी मागे जाते. डाग ओसरीतच राहतो. पाव्हने बसतात नेमके डागाच्या समोर आणि त्यांच्यातला एक म्हातारा चहाची बशी खाली ठेवून विचारतो, "कोन्तं मॉडेल हाये?" तिथून पुढे पोरीचा विषय निघतच नाही.

डाग वाचणं ही एक विद्या आहे आणि ती आमच्या गावात सगळ्यांना येते. डाग डाव्या फुटरेस्टखाली असेल तर क्लचच्या झाकणाचं तेल. मधल्या स्टँडजवळ असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचं. उजव्या बाजूला असेल तर तो वेगळा आजार, वेगळे डॉक्टर. पण गाडी चालताना तेल वाऱ्यानं मागे पळतं, टायरवर जातं, साखळीवर जातं, मागे बसलेल्याच्या पायजम्यावर जातं. त्यामुळे पळत्या गाडीचा आणि उभ्या गाडीचा डाग एक नसतो. खरा मिस्त्री इंजिन डिझेलनं धुतो, कोरडं पुसतो, त्यावर लहान मुलाच्या डब्यातली पावडर टाकतो आणि म्हणतो, पोहऱ्याच्या जंगलापर्यंत एक चक्कर मारून या. परत आल्यावर जिथे पावडर ओली, तिथे दुखणं. बिनखर्चाची आणि बिनचूक तपासणी. तिच्यात एकच अडचण आहे. पावडर लावलेली बुलेट घेऊन गावातून जाताना लोक विचारतात, "बारसं कोनाचं हाये?"

दुखण्याची जागा सापडली तरी दुखणं कळतंच असं नाही. क्लचच्या खोलीत तेल तीन वाटांनी ये-जा करतं. एक ही बाहेरच्या झाकणाची कडा. दुसरी वाट क्रँकच्या बाजूची, तिथे एक सील असतं. ते गेलं की इंजिनाचं तेल क्लचमध्ये येतं, तिथली पातळी वाढते, क्लच घसरतो आणि बाहेरचं झाकण उगाच बदनाम होतं. तिसरी वाट गिअरबॉक्सची. तिथला शाफ्ट आतून पोकळ असतो, त्यातून क्लच दाबणारी सळई जाते, आणि सळईच्या आधारानं गिअरबॉक्सचा माल हळूहळू क्लचकडे येतो. म्हणूनच या चार गिअरच्या खोक्यात कंपनीनं पातळ तेल न भरता ग्रीस भरायला सांगितलं होतं. गळणारच आहे तर सावकाश गळू दे, असा मोठ्या मनाचा विचार. आमचे मिस्त्री त्याच्याही पुढे जाऊन ग्रीस आणि तेल अंदाजानं कालवतात. प्रमाण विचारलं तर म्हणतात, "पिठलं करता तेव्हा मोजता काय?"

तर, एका सकाळी मिस्त्री असं इंजिन खोलायला बसतो. आणि गाव जमतं.

इंजिन खोलणं हा आमच्याकडे खाजगी विषय नाही. मिस्त्रीच्या टपरीपुढे दोन स्टुलं, एक लाकडी बाक आणि टायरची एक चळत असते. दहाच्या सुमारास ती भरते. कुणी चहा सांगतो, कुणी पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसतो. खर्रा घोटण्याची लय आणि पाना फिरण्याची लय जमली की सभा रंगात आली असं समजावं. मग निदानं सुरू होतात.

"थे सील नाही गयत राजेहो, पॅकिंग गेली."

"माह्या जवायाच्या गाडीचं असंच होतं. त्यानं तेलच बदललं, जाड टाकलं. बंद."

"बंद कोन, गयनं का गाडी?"

"गाडी."

"मी म्हनतो, तेल टाकूच नका. मंग गयन कायचं?"

"तेल गयते म्हनजे तेल हाये. ज्या दिवशी गयनार नाही, त्या दिवशी भेव."

मालक या सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत असतो आणि प्रत्येकाचं पटतंय अशी मान हलवतो. मिस्त्री काहीच बोलत नाही. त्याच्या तोंडात खर्रा असल्यामुळे त्याला विचारवंताची प्रतिष्ठा मिळालेली असते.

या सभेत एक येझदीवाला हमखास असतो. त्या गाडीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला, पण येझदीवाल्याचा तोरा बंद झाला नाही. तो येतो, बुलेटखालची ताटली पायानं जरा सरकवतो आणि म्हणतो, "माही गाडी आजवर थेंब गयली नाही." हे खरं आहे. पण ते अर्धंच खरं आहे. दोन स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या पेटीत हवा ओढली जाते. क्लचकडचं सील गेलं की तीच ओढ गिअरचं तेल आत खेचते आणि पेट्रोलबरोबर जाळून टाकते. जमिनीवर डाग नाही, झाकणावर ओल नाही. फक्त मागं धूर निघतो आणि महिन्याभरात गिअर ऑइल कुठे गेलं ते कळत नाही. बुलेट आपलं दुखणं चौकात सांगते, येझदी आतल्या आत पिते. मला विचाराल तर यातली पहिली अस्सल वऱ्हाडी आहे. येझदीवाल्याला हे सांगितलं तर तो राजदूतवाल्याकडे बोट दाखवतो. राजदूतवाला बिचारा काही बोलत नाही. त्याच्या गाडीची जाहिरात एके काळी धर्मेंद्रनं केली होती, तेवढ्यावर तो समाधानी आहे.

खोलणं पुढे सरकतं. डावा फुटरेस्ट निघतो, ब्रेकचा पायटा निघतो, मधला नट निघतो. झाकण ओढताना खाली परात धरतात. तेल परातीत न पडता मिस्त्रीच्या मनगटावरून बाहीत जातं, हा निसर्गनियम आहे. मग अल्टरनेटर, मग क्लचची स्प्रिंगं, मग प्लेटा. चेन अखंड असल्यामुळे क्लच आणि पुढचं दातेरी चाक एकदमच बाहेर काढावं लागतं, त्याला पुलर लागतो. पुलर गावात एकच चांगला असतो आणि तो नेहमी धामणगावला गेलेला असतो. तो परत आला की आतलं झाकण मोकळं होतं आणि आपण गिअरबॉक्सच्या बाहेरच्या दातेरी चाकापर्यंत पोचतो. त्याच्या मागे सील.

या चाकाचा नट उलट्या आट्याचा आहे. सगळं जग ज्या दिशेनं फिरवून सैल करतं, त्या दिशेनं हा आवळला जातो. हे मिस्त्रीला माहीत असतं. पण मिस्त्री चहा घ्यायला उठला की टायरच्या चळतीवरचा एक तगडा गडी पुढे येतो. "सरका, हे जोराचं काम हाये." तो पान्यावर पाय देतो. मग दोघं जण चढतात. मग एक जण गाडी धरतो. नट मनापासून आवळला जातो. मिस्त्री परत येतो, पाहतो, एक पिंक टाकतो आणि तोंड रिकामं झाल्यामुळे दिवसातलं पहिलं वाक्य बोलतो, "उलटा आटा हाये तो." शांतता. मग तगडा गडी म्हणतो, "मले मालूम होतं, पन हे म्हने सुलटा." आणि 'हे' कोण, यावर पुढचा अर्धा तास जातो.

सील बाहेर येतं तेव्हा सगळे निराश होतात. एवढं खोलून हे? हाताच्या तळव्यात मावणारं काळं रबराचं कडं. पण ते जवळून पाहण्यासारखं असतं. आतल्या बाजूला एक पातळ ओठ, त्या ओठाच्या मागे गोल फिरवलेली बारीक तारेची स्प्रिंग. ही स्प्रिंग ओठाला शाफ्टवर हलकेच दाबून धरते आणि तेवढ्या दाबावर तेल अडतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, वर इंजिनाची धग. रबर कडक होतं. जुनं सील मिस्त्रीनं दोन बोटांत वाकवलं की टक् आवाज येतो आणि ओठाला चीर पडते. गाडी वापरात असेल तर ओठ तेलानं ओला राहतो. दोन-दोन वर्षं ओसरीत झाकून ठेवली की वाळतो. जपून ठेवलेली बुलेट जास्त गळते, ही गोष्ट बापाची आठवण म्हणून गाडीला रोज फक्त अगरबत्ती ओवाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

मिस्त्री मग शाफ्टवरून नख फिरवतो. नख एका जागी अडतं. मऊ रबरानं पोलादावर खाच पाडलेली असते. रबराची ती ताकद नाही. ओठाखाली धुळीचे कण रुततात आणि ते वर्षानुवर्षं शाफ्ट घासत राहतात. धूळ आमच्या गावात मुबलक आहे, रस्ते जुने असोत की नवे. खाच खोल असेल तर नवं सीलही गळणार, म्हणून मिस्त्री ते जरा पुढेमागे बसवतो, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो. असल्या अक्कलहुशारीचे पैसे तो बिलात लावत नाही, कारण ती कोणत्या नावानं लिहावी हे त्याला समजत नाही.

आता नवं सील. ते गावात नसतं. अमरावतीला असतं, पण ज्या दिवशी माणूस जातो त्या दिवशी दुकान बंद असतं, आणि तो गिला वडा खाऊन परत येतो. मग बाहेरून मागवायचं ठरतं. इथे आमच्या गावाचा जुना भोग सुरू होतो. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक आमचं, मुंबई-हावडा लाइनवरचं, म्हणून चांदूर रेल्वे. दुसरं अचलपूरकडचं चांदूर बाजार. आमचा पिन 444904, त्यांचा 444704. मधला एक आकडा काय तो वेगळा. त्यात आपल्या लोकांचं अक्षर. नऊचं पोट जरा उघडं राहिलं की त्याचा सात होतो आणि आमचं सील अमरावतीच्या पार पलीकडे जाऊन चांदूर बाजारात विसावतं. तिथल्या माणसाचा फोन येतो, "भाऊ, तुमचं काइतरी रबराचं आलं हाये आमच्याकडे." माणसं सज्जन असतात, ठेवून देतात. आमच्याकडेही त्यांची कितीतरी पुस्तकं, चष्मे आणि एकदा तर लग्नपत्रिकांचा गठ्ठाच आला होता. सील आणायला कुणीतरी जातो. अर्थात बुलेटवर जात नाही, ती खोललेली असते. येझदीवर जातो. आणि महिनाभर ते ऐकवतो.

सील आलं की पुन्हा सभा. ओठ कोणत्या बाजूला, यावर मतदान होतं. ओठ तेलाकडे, एवढं साधं उत्तर आहे, पण साध्या उत्तराला आमच्याकडे अनुमोदक मिळत नाही. मिस्त्री ओठाला बोटानं तेल लावतो, सील जागेवर धरतो आणि जुन्या बेरिंगचं कडं त्यावर ठेवून चारही बाजूंनी हलकेच ठोकत सरळ बसवतो. हातोडीचा आवाज ऐकू येईल न येईल असा. "जोरानं हान ना," बाकावरून सूचना येते. मिस्त्री थांबतो, त्या माणसाकडे पाहतो, पुन्हा तितकंच हलकं ठोकतो.

सगळं परत जोडून होतं. क्लचच्या खोलीत अर्ध्या लिटरच्या आत तेल लागतं. त्याची पातळी दाखवणारा स्क्रू कंपनीनं दिला आहे, त्यातून तेल डोकावलं की थांबायचं. मालकाचा आग्रह असतो, "थोडं जास्त टाक, गयलं तर उरन." मिस्त्री ऐकत नाही. किक मारण्याआधी ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणतात, डीकॉम्प्रेशनचा खटका दाबतात, पिस्टन जरासा पुढे ढकलतात, मग किक. इंजिन बोलतं. सगळी सभा एकदम खाली वाकते. थेंब नाही. पाच मिनिटं होतात. थेंब नाही. बाकावरच्या लोकांच्या चेहऱ्यावर एक पोरकेपण पसरतं.

पण या सगळ्या गडबडीत मिस्त्रीनं आणखी एक काम केलं, ते कुणी पाहिलं नाही. इंजिनातून एक जाड रबरी नळी बाहेर येते, तिला ब्रीदर म्हणतात. पिस्टन खाली आला की पेटीतली हवा दाबली जाते, ती या नळीतून बाहेर जायला हवी. नळीच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखा रबरी तुकडा असतो, हवा बाहेर सोडतो, आत घेत नाही. ही नळी तुंबली किंवा दुमडली की इंजिन कोंडतं, आणि कोंडलेली हवा तेलाला घेऊन मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. अशा इंजिनाला सोन्याचं सील घातलं तरी ते गळेल. या गाडीची नळी साइड बॉक्सच्या पत्र्याखाली चेपली होती. मिस्त्रीनं ती ओढून सरळ केली, आतला चिकटा तारेनं काढला आणि परत लावली. बिडी पेटवायला लागतो तेवढा वेळ.

मी त्याला नंतर एकटा गाठून विचारलं, "मिस्त्री, नळीचं तुमाले आधीच मालूम होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मंग सांगतलं काहून नाही?"

त्यानं हात पुसले. "भाऊ, नळी सरय केली मनून सांगतलं असतं, त यायनं मले पैसे देल्ले असते काय? अन् इस्वास ठेवला असता काय? सील तं बी गेलंच होतं. दोन्ही केलं. आता त्यायले वाटते सीलनं थांबलं, वाटू द्या."

मालकाला खरंच तसं वाटतं. जाड तेलवाल्याला वाटतं जाड तेलानं थांबलं. पॅकिंगवाला म्हणतो, पॅकिंगही बदललीच होती ना, मग? तगडा गडी सांगतो की नट मुळात त्यानंच नीट आवळला होता. आणि येझदीवाल्याचं म्हणणं, थांबली ती तात्पुरती.

तेव्हा तुमच्या ओसरीतली बुलेट गळत असेल, तर सील मागवण्याआधी ती ब्रीदरची नळी काढून फुंकून पाहा. इंजिनाकडच्या टोकानं हवा गेली पाहिजे, उलट्या टोकानं जाता कामा नये. तोंड पुसायला चिंधी जवळ ठेवा. आणि तरीही सील मागवायचंच असेल तर पत्त्यातला नऊ नीट, पोट बंद करून काढा.